उजव्या नाकातली फुली

"ही माय हाय की रे बंकट," साखराअक्का म्हणाली. "पर फुली हिकडं कावून केली हिची?"

बंकट सर चहाचा कप तोंडाशी नेत होते, तो हात तिथंच थांबला. अक्का, त्यांची थोरली बहीण, सकाळच्या एसटीनं नेकनूरहून आली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन मागंच झालेलं, दुसऱ्यातला मोतीबिंदू दाखवायचा होता. दवाखाना उघडेपर्यंत घटकाभर बस म्हटलं तर बाईला बसवेना. हॉलमधल्या भिंतीवर नुकत्याच लागलेल्या मोठ्या फ्रेमपाशी गेली, काचेला नाक लागेल इतकी जवळ गेली, चांगल्या डोळ्यानं बघितलं, आणि हे असं बोलली. "कुणाची माय?" सर म्हणाले. फळ्याकडं तोंड असताना मागून बडबडणाऱ्या पोराला विचारावं, तशा आवाजात. "आपली," अक्का म्हणाली. "दुसऱ्या कुणाची आसंल? तुजी न् माजी." आणि तिनं पदराच्या टोकानं काच पुसली.

सरांना राग आला. खरं सांगायचं तर आधी रागच आला. बाकीचं जे काही आलं ते मागून आलं. कारण ही काही कुणाच्या मायची फ्रेम नव्हती, ही त्यांची स्वतःची कमाई होती, आणि आयुष्यात तशी एवढीच. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांतून चित्रकला शिकवण्यात गेली. चित्रकला म्हणजे काय, तर भिंतींवर सुविचार रंगवायचे, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे, आणि गणिताचे गुरुजी रजेवर गेले की त्यांचा तास सांभाळायचा. निवृत्तीच्या दिवशी निरोपाचं भाषण करायला उभ्या राहिलेल्या माणसाला यांच्याबद्दल दोन वाक्यं धड सुचेनात. 'मितभाषी' म्हणाला आणि बसला. मग हा व्हॉट्सॲपचा ग्रुप आला, 'जुनं बीड'. फोटो स्टुडिओवाल्या हरिओमनं काढलेला. कुणीतरी घरातल्या ट्रंकेतला फोटो टाकायचा, "ओळखा पाहू" म्हणायचं, आणि सगळे तुटून पडायचे. कुणी म्हणे करंजा, कुणी म्हणे माळीवेस, कुणी उगाच आपलं खजाना विहीर. सर लगेच बोलायचे नाहीत. जेवूनखाऊन, चष्मा पुसून, दोन बोटांनी फोटो मोठा करत बसायचे. सावली कुणीकडं पडलीय, विजेचा खांब लाकडी आहे का लोखंडी, पाटीवर उर्दू वर आहे का मराठी वर, गटार रस्त्याच्या कोणत्या अंगाला. आणि मग एकच ओळ लिहायचे, अमुक चौक, अमक्या दिशेला तोंड करून. चुकायचे नाहीत. सगळं गाव घासूनपुसून नवं केलेलं. टांग्यांचा अड्डा गेला, नदीकाठचे दगड गेले, जिथं बघावं तिथं निळ्या काचेचे गाळे आणि गाळ्यांवर कुणाच्या तरी वाढदिवसाचे फ्लेक्स. आणि अशा गावात, इथं आधी काय होतं ते सांगणारा एक माणूस आहे आणि तो आपण आहोत, याची सरांना चटक लागली होती. त्यांची बायको वनमाला म्हणायची, "तुमाला समोरचं गाव दिसंनासं झालंय." हिला काय कळतंय, असं सर मनातल्या मनात म्हणायचे आणि पुन्हा बोटं पसरायचे.

भिंतीवरचा हा फोटो सगळ्यात अवघड निघाला होता. कुण्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या रद्दीत हरिओमला मिळालेला, बहात्तरच्या दुष्काळाच्या अलीकडपलीकडचा, मागं काही लिहिलेलं नाही. नदीकडं उतरत जाणारा रस्ता, शेवटी बिंदुसरेचं पात्र. ग्रुपवर आला तेव्हा त्यात रस्त्याच्या डाव्या हाताला दगडी कमानींची बसकी इमारत, तिच्यापुढं पाण्याचा हौद, थोडी मेंढरं, घोंगडं पांघरलेला एक पाठमोरा माणूस. आणि हौदाशी उभी एक बाई, पदर डोक्यावरून दोन्ही खांद्यांवर ओढून घेतलेली, सरळ फोटोवाल्याकडं बघणारी. काय रे, काय काम आहे तुझं, असं बघणारी. आता त्या उतारावर पूर्वी दोन इमारती समोरासमोर होत्या, हे सगळ्यांना ऐकून ठाऊक होतं. नदीकडं तोंड केलं की उजवीकडं धर्मशाळा, गावातलं बडं प्रस्थ असलेल्या शिवशंकरआबांच्या आजोबांनी बांधलेली. आणि डावीकडं मेंढतळ, निजामाच्या वेळची सरकारी जागा. लोकर नाहीतर मेंढरं विकायला गावात येणाऱ्या धनगरांनी तिथं उतरायचं, जनावरांना पाणी पाजायचं. दोन्हींचे गवंडी एकच असावेत, कमानी सारख्याच. दोन्ही आज नाहीत. धर्मशाळा रस्ता रुंद करताना गेली, आणि मेंढतळाच्या जागी आबांचं चार मजली व्यापारी संकुल उभं आहे. सरकारी जागा आबांकडं कशी आली, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. इमारत डावीकडं दिसतेय, म्हणजे मेंढतळ, असं कुणीही म्हणालं असतं. दोघंतिघं म्हणालेही. पण बंकट सर म्हणजे कुणीही नव्हते ना! त्यांनी त्या बाईचं तोंड मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि त्यांना नाकातली फुली सापडली. उजव्या नाकपुडीत. आपल्याकडं फुली डाव्या नाकात असते, लेक असो, सून असो, म्हातारी असो. म्हणजे फोटो उलटा छापला गेलाय. निगेटिव्ह पालथी पडली की होतं तसं. सुलटा करा, फुली डाव्या नाकात येते आणि इमारत रस्त्याच्या उजवीकडं जाते. मेंढतळ नाही, धर्मशाळा! "माणूस खोटं बोलेल, दागिना बोलत नाही," असं त्यांनी शेवटी ठोकून दिलं होतं. ग्रुपवर टाळ्यांचे पिवळे हात ओळीनं उमटत गेले. आबा स्वतः घरी आले, शाल घातली, सुलटा केलेला फोटो फ्रेम करून दिला. उताराच्या तोंडाशी काळ्या ग्रॅनाइटची भिंत उभारायची, तिच्यावर हाच फोटो कोरायचा, खाली आजोबांचं नाव, असं तिथंच चहा पिता पिता ठरलं. मूळ कागद आबा जपून ठेवायला घेऊन गेले. फ्रेमच्या तळाशी ओळ होती, 'धर्मशाळा व तेथे सेवा करणारी स्त्री'.

"अक्का, जुन्या फोटोत सगळ्या बायका सारख्याच दिसत्यात," सर म्हणाले. "मायचा फोटो कधी निघालाच न्हाई, हे तूच सांगतीस."

"मला काय ठावं, कोण फोटो काढून गेलं ते? उभी कशी ऱ्हायली बघ की. सारं वजन येका पायावर. मेंढरं मोजाय लागली का आशीच उभी ऱ्हायाची." अक्कानं पुन्हा काचेवर बोट ठेवलं. "पर हिचं तोंड कायतरी येगळंच करून ठिवलंय. फुली तिच्या उजव्या नाकात व्हती."

"उजव्या?"

"आता! तुला कुणी सांगितलंच न्हाई व्हय?" अक्का फतकल मारून खाली बसली. "आजीची लेकरं जगत न्हवती रं. येक व्हायचं अन् जायाचं, येक व्हायचं अन् जायाचं. मग ही झाली तवा हिला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठिवली. शेजारणीनं उचलली अन् 'घे बाई, पोर सापडली' म्हणून आजीच्या वटीत टाकली. नाव ठिवलं कडू. अन् नाक टोचलं ते उजवं. काळ आलाच तर त्याला वाटावं, ही ह्या घरची न्हवंच, हिचं समदंच उलटं हाय. जगली की मग. आपल्या दोघास्नी जल्म देऊस्तोवर जगली."

"आमच्या चुलत्याचं पण उजवंच नाक टोचलेलं होतं, नवसाचं," स्वयंपाकघराच्या दारातून वनमाला म्हणाली. तिनं हे असं सहज सांगितलं, भाजीत मीठ घातलंय म्हणावं तसं. आणि सरांनी कप खाली आदळला. कारण हे त्यांनाही ठाऊक होतं! मराठवाड्यातल्या कोणत्या माणसाला ठाऊक नसतं? हजेरी घेताना किती धोंडू, किती दगडू, किती उकिरडा, किती कडू त्यांनी स्वतःच्या तोंडानं पुकारले होते, आणि प्रत्येक नावामागं आधी गेलेली लेकरं असतात हे त्यांना माहीत होतं. आईचं नाव कडूबाई, हे ते स्वतः प्रत्येक फॉर्मवर लिहीत आले होते. सावलीवरून दिशा काढणारा, खांबावरून वर्ष काढणारा, गटारावरून गल्ली काढणारा माणूस! आणि त्याला बाईच्या नाकात उजवीकडं फुली दिसली तेव्हा काय सुचलं, तर निगेटिव्ह पालथी पडली. काळाला फसवायला टोचलेलं नाक, आणि त्याला फसला कोण, तर बंकट मास्तर. सर उठले, आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

फोनमध्ये हरिओमनं पहिल्यांदा टाकलेला फोटो होता, इमारत डावीकडं असलेला. तो त्यांनी उघडला आणि चेहरा मोठा करायला बोटं पसरली, आणि बोटंच थांबली. किती वेळा पसरली होती ही बोटं ह्याच चेहऱ्यावर! रात्र रात्र नाक बघितलं होतं, नाकपुडी बघितली होती, फुलीचा पांढरा ठिपका बघितला होता. डोळे काही बघितले नाहीत. आता बघितले. ती त्यांच्याकडं बघत होती, काय रे, काय काम आहे तुझं, असं. त्यांना काहीच आठवलं नाही, आणि याचाच त्यांना मोठा धसका बसला. एखादी कळ दाबल्यासारखं काहीतरी होईल, आतून 'माय' असं निघेल, असं वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. त्यांना आईचा चेहरा कधीच आठवत नव्हता. पाच-सहा वर्षांचे असतील. उमापूरच्या शिवारात, बिऱ्हाड घोड्यावर असताना ती तापानं गेली, आणि मग मेंढरं चुलत्याकडं, अक्का लग्न होऊन नेकनूरला आणि हे वसतिगृहात. मागं उरलं ते तुकड्या-तुकड्यांनी उरलं होतं. लोकरीचा तेलकट, उबट वास. कातरीचा कचकच आवाज. चालताना डोळ्यांपुढं हलणारा लुगड्याचा काठ, त्याला चिकटलेली कुसळं. शाळेच्या भिंतींवर त्यांनी कितीदा 'आई' रंगवली होती, गोल तोंडाची, मोठ्या डोळ्यांची, कॅलेंडरवरून उचललेली, आणि प्रत्येक वेळी डाव्या नाकात न चुकता फुली. ती फुली काढताना दर वेळी थोडं वाईट वाटायचं, कारण मायला तेवढीही नव्हती, अशी त्यांची पक्की समजूत होती. गरिबी होती, सोनं कुठून येणार? माय नुसत्या नाकाची होती. हे एवढं मात्र त्यांना आठवत होतं, स्वच्छ आठवत होतं. अगदी जवळून, उन्हानं तापलेलं, घाम साचलेलं, मोकळं नाक.

कुठून बघितलं होतं ते नाक? सर पलंगावर बसले होते ते उभे राहिले. कुणी बघत नाहीये याची खात्री असूनही त्यांनी एकदा दाराकडं बघितलं, आणि मग डावा हात कंबरेशी वाकवला, पोर कडेवर घेतात तसा. उजव्या हातात काठी असायची मायच्या, मेंढरांमागं चालताना. पोर डाव्या कडेवर. पोराला दिसतो तो डावा गाल, डावा कान, डावी नाकपुडी. डोंगर चढताना, ओढा उतरताना, सगळं बालपण डाव्या कडेवरून. त्या अंगाला फुली नव्हतीच, ती पलीकडं होती, त्याला न दिसणाऱ्या बाजूला, जगाला दिसणाऱ्या बाजूला. इतकी वर्षं ते मायला गरीब समजत आले होते, कारण ती त्यांना एकाच बाजूनं सापडली होती. ते रडले नाहीत. रडू यावं तिथं त्यांना नुसती चीड आली, स्वतःची, हरिओमची, त्या टाळ्यांच्या पिवळ्या हातांची. मी तुला उलटी केली, असं ते फोनकडं बघून म्हणाले. तू धडधडीत माझ्या समोर उभी होतीस, तुझ्या हक्काच्या जागेत, तुझ्या मेंढरांत, आणि मी तुला उचलून पलीकडं नेऊन आबाच्या आजोबाच्या दारात झाडू मारायला उभी केली. त्या दिवशी अक्काचा डॉक्टर राहूनच गेला.

दुपारी त्यांनी ग्रुपवर लिहिलं. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. आपली चूक झाली, ती बाई कोण, तिचं नाक उजवंच कसं, म्हणून फोटो आधीचाच बरोबर, म्हणून ती जागा मेंढतळाची, सगळं ओळीनं. शेवटी, ती माझी आई आहे. मग नमस्काराचे हात आले. मग "सर, भावना समजू शकतो." मग "तब्येत बरी आहे ना सर?" कॉलेजातल्या एका प्राध्यापकानं लिहिलं की घरगुती आठवण हा पुरावा धरता येत नाही, आणि सरांनीच आधी केलेली मांडणी जास्त शास्त्रीय आहे. आणि कुणीतरी लिहिलं, "आता ज्याची त्याची माय निघंल बे त्या फोटोत." त्यावर हसणारी तोंडं आली. सरांनी फोन भिंतीवर फेकला असता; वनमालानं तो हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "त्यांच्याशी कशाला डोकं फोडताय? दगड ज्याच्या ताब्यात हाय त्याला जाऊन भेटा. कोरायच्या आत भेटा."

आबांचं ऑफिस संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. आबा उठून उभे राहिले, खुर्ची पुढं केली, चहा सांगितला. माणूस तोंडानं कधी वाईट नव्हता. त्याचा त्रास तोंडानं व्हायचाच नाही. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि मग हात जोडून म्हणाले, "सर, माय ती माय. तिला डावं-उजवं आसतंय व्हय?"

"हिला होतं, आबा. फोटो होता तसा कोरा. मी चुकलो, मी लिहून देतो."

"तुमी चुकला कसं म्हणता? आवं, तुमचं वाक्य मला पाठ झालंय. माणूस खोटं बोलंल, दागिना न्हाई. उद्घाटनाच्या भाषणात घेतलंय मी ते, तुमच्या नावानिशी." आबा हसले. "आसं करू. खाली मायचं नाव टाकू. कडूबाई, धर्मशाळेतील सेविका. ग्रॅनाइटात, सर! आमच्या मातोश्रीचं नाव सुदिक कुठं ग्रॅनाइटात न्हाई."

आणि एक क्षण, लाज वाटावी असा एक क्षण, सरांना ते हवंसं वाटलं. आईचं नाव, दगडात, चौकात, येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावं असं. त्यांनी अक्षरं डोळ्यांपुढं आणलीसुद्धा. कुठलं वळण असावं, किती जाड असावीत, इथपर्यंत मन पोचलं. मग 'सेविका' ह्या शब्दाची अक्षरं मनात उमटायला लागली, आणि तिथं ते भानावर आले. "माझी माय कुणाच्या दारात राबत न्हवती आबा," ते म्हणाले, आणि शाळेतली भाषा कधी गळून पडली ते त्यांना कळलं नाही. "तिची मेंढरं व्हती. स्वतःची. ती सरकारी जागेत आपल्या हक्कानं उतरली व्हती. कुठं उतरली व्हती म्हणताल, तर आत्ता तुमी बसलाव ना, हितं. ह्या खुर्चीखाली." चहा घेऊन आलेला माणूस दारातच थांबला. आबांचं हसू हललं नाही. त्यांनी त्याच्याकडून कप घेऊन स्वतःच्या हातानं सरांच्या पुढं सरकवला आणि म्हणाले, "सर, ऊन लई तापलंय. ह्या वयात आसं दुपारचं फिरू नका." सर जिना उतरले. खाली, मोबाईलच्या दुकानापुढं, जिथं कुठंतरी तो हौद असणार तिथं, ते उगाच उभे राहिले. हौदाच्या काठावर पोट टेकून पाण्यात हात घातल्याचं त्यांना आठवतंय असं वाटलं, पण ते खरं की आत्ताच रचलेलं, हे त्यांना सांगता येईना. आठवणींवरचा विश्वासच उडाला होता. त्यांनी दुकानाच्या पायरीला एक लाथ मारली. आतल्या पोरीनं दचकून बघितलं. अंगठा ठेचकाळला, बस्स.

पुढचे काही दिवस घरात त्यांच्याशी कुणी धड बोलू शकलं नाही. अक्का नेकनूरला परतलीच नाही. "मायला तिथून सोडवल्याबिगर मी जात न्हाई," म्हणाली, जशी काही माय पोलीस चौकीत होती. तिनं फ्रेम भिंतीवरून उतरवून तिचं तोंड भिंतीकडं करून ठेवली. मग एका सकाळी हरिओमचा फोन आला. मागं मशीन चालल्याचा कर्कश आवाज होता. "सर, मी आबांशी बोललो. आबांनी आयकलं! दुरुस्ती करून घेतली, तुमी म्हणता तशी. उद्या कार्यक्रम हाय, अक्कालाबी आणा, नारळ तुमच्याच हातनं फोडायचा." सरांनी ओरडून विचारलं, "सुलटा केला का? म्हणजे आधीसारखा?" हरिओम म्हणाला, "या तर खरं, बघाच," आणि त्या मशीनच्या आवाजात पुढचं काही कळलं नाही. सर खाली बसले. हरिओम वाईट पोरगा नव्हता, असं त्यांनी वनमालाला सांगितलं. आबाही, म्हटलं तर, ऐकणारे आहेत. त्यांच्या अंगातली सगळी आग एकाएकी खाली बसली आणि तिच्या जागी एक लहान मुलासारखी भाबडी खुशी आली. त्यांनी धोबीघडीचा शर्ट काढून ठेवला, अक्काला म्हणाले, "उद्या माय बघायची." अक्कानं वनमालाच्या ट्रंकेत तळाशी ठेवलेलं लुगडं मागून घेतलं आणि तेच नेसायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी उताराच्या तोंडाशी मांडव होता, ढोलकीवाले होते, गाड्या होत्या. आबांचं भाषण झालं, त्यात सरांचं ते वाक्य आलं, आणि टाळ्या पडल्या तेव्हा सरांना पहिली शंका आली. मग दोरी ओढली आणि पडदा खाली आला. काळाकुळकुळीत दगड, उन्हात चमकणारा, आणि त्यात पांढऱ्या रेषांनी रस्ता, नदी, कमानी, मेंढरं. इमारत उजवीकडं होती. सरांनी डोळे मिटून उघडले. उजवीकडंच होती. पण फुली? ते पुढं सरकले. दगडातल्या बाईच्या उजव्या नाकात फुली होती. त्यांचं डोकं चालेना. इमारत उजवीकडं म्हणजे फोटो पालटलेला, पालटला तर फुली डाव्या नाकात पाहिजे. फुली उजव्या नाकात म्हणजे फोटो मूळचा, मूळचा तर इमारत डावीकडं पाहिजे. एवढ्या माणसांत त्यांनी स्वतःचा हात नाकाला लावून बघितला, हा उजवा, हा डावा, पहिलीतल्या पोरानं बघावं तसा. हरिओम शेजारी येऊन उभा होता, खांद्याला कॅमेरा, तोंडभर हसू.

"कळून येतंय का सर जोडकाम? कॉम्प्युटरवर फुली काढली न् उजव्या नाकात बसवली, तुमी म्हणला तशी. आबांचंबी ऱ्हायलं, तुमचंबी ऱ्हायलं."

सरांनी खाली वाचलं. 'कडूबाई, धर्मशाळेतील सेविका.' अक्षरं वळणदार होती. आता ह्या दगडावर कुणी कधी शंका घेणार नव्हतं. कुणी उद्या उभा राहून म्हणाला की कडूबाईचं नाक उजवं टोचलं होतं, तर लोक म्हणतील, हो, हे काय, उजवंच आहे. आणि ती धर्मशाळेतच आहे. एकच गोष्ट त्या बाईच्या बाजूनं बोलत होती, आणि तिलाही फितवून आबाच्या बाजूला उभं केलं होतं. मूळ कागद आबांच्या कपाटात. फोनमधला फोटो कुणीही एका बोटानं पालटतो. ही विद्या सरांनीच गावाला शिकवली होती. सूत्रसंचालकानं माईकवर त्यांचं नाव पुकारलं, आपल्या मातोश्रींच्या पुण्यस्मृतीस वगैरे म्हणाला, आणि कुणीतरी त्यांच्या हातात नारळ दिला. खाली फोडायचा दगड हळदकुंकू लावून ठेवलेला होता. सरांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. त्यांनी नारळ डोक्यावर उचलला आणि अंगातली होती नव्हती ती ताकद लावून समोरच्या ग्रॅनाइटवर, त्या कमानींवर, आबांच्या आजोबांच्या नावावर हाणला. "खोटं हाय हे!" ते ओरडले. "माझी माय न्हाई ही! समदं खोटं हाय!"

नारळ फुटला. नेमक्या त्याच वेळी ढोलकीवाल्यांनी सुरू केलं, त्यांना तसं सांगून ठेवलेलं होतं. पाणी कमानींवरून ओघळलं, बाईच्या तोंडावरून ओघळलं, आणि दगडावर साधा ओरखडासुद्धा उठला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकाच फटक्यात दोन शकलं झाली म्हणून आबांनी मान डोलावली. कुणी शकलं गोळा करून प्रसादाला खोबरं कापायलाही घेतलं. सर पुन्हा ओरडले, पण ढोलकीपुढं त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही. हरिओम धावत आला, कॅमेऱ्यात बघत, चुकचुकत.

"सर, फोटो हलला. जरा परत येकदा, तसंच, जोरात." आणि त्यानं दुसरा नारळ त्यांच्या हातात ठेवला, त्यांना खांद्याला धरून थोडं वळवलं, आबा फ्रेममध्ये यावेत म्हणून आबांना त्यांच्या अगदी शेजारी उभं केलं. आबांनी टोपी नीट केली आणि कॅमेऱ्याकडं बघून हसले.

अक्का गर्दीतून वाट काढत सरांच्या पाठीशी येऊन उभी राहिली होती. तिनं दगडाकडं बघितलं, आबांकडं बघितलं, आणि भावाच्या कानाशी तोंड नेलं.

"मार, बंकट," ती म्हणाली. "पर आता दगडाला नको."